गळाची मासेमारी (पूर्व विदर्भ)

बांबूची काठी, दोरी आणि आमिष लावलेला गळ एवढ्या साधनांनी एकेक मासा धरण्याची पद्धत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात ती मुख्यतः माजी मालगुजारी (पूर्वी सारावसुलीचा हक्क असलेल्या जमीनदारांच्या, म्हणजे मालगुजारांच्या) तलावांच्या काठी आढळते. उपजीविकेची मासेमारी येथे प्रामुख्याने धीवर समाज जाळ्यांनी करतो.

दक्षिणेतील गळमासेमारीचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील मत्स्यविनोद प्रकरणात मिळते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा काळ 1127 असा दिला. इतर अभ्यासक ग्रंथ 1129 ते 1131 च्या सुमाराचा मानतात, आणि राज्यारोहणानंतर एवढा मोठा ग्रंथ पूर्ण होण्यास लागणारा अवधी पाहता नंतरचा काळ अधिक संभाव्य वाटतो. माशांच्या जातींनुसार खाद्य निवडून त्यांना आधी चारण्याची रीत त्यात सांगितली आहे. मात्र हा राजदरबारी विनोद, म्हणजे करमणूक, आहे. वैनगंगा खोऱ्यातील लोकव्यवहार त्यातूनच आला, असे मानण्यास आधार नाही.

येथील तलावांची परंपरा बरीच नंतरची. ते बांधणाऱ्या कोहळी समाजाला चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) एका गोंड राजाने काशीहून आणले, अशी त्या समाजातील आख्यायिका मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथाचे लेखक रसेल व हिरालाल यांनी 1916 मध्ये नोंदवली. परंतु त्यांची भाषा, चालीरीती आणि कुळनावे मराठी मुलखातील उगमाकडे निर्देश करतात, असेही त्यांनी लिहिले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. नवेगाव बांधचा जलाशय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो, आणि बहुधा तो अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा असावा. मालगुजारी पद्धत 1951 मध्ये संपली आणि तलाव सरकारकडे आले.

हवामान व गळ यांच्या संबंधाविषयीचे छापील साहित्य बहुतांशी थंड प्रदेशांतील, पर्वतीय सरोवरांत कृत्रिम माशी (माशीसारखे दिसणारे बनावट आमिष) फेकून धरल्या जाणाऱ्या ट्राउट माशाविषयीचे आहे. भारतात हा मासा विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीर व निलगिरीत रुजला. पाणी 20° से. च्या वर तापू लागले की तो मंदावतो, त्यामुळे विदर्भात तो जगणे शक्य नाही. त्या साहित्यातून आलेली एक समजूत अशी की, हवेचा दाब उतरताना मासा गळाला लागत नाही. परंतु दाबातील 10 हेक्टोपास्कलचा फरक हा पाण्यातील केवळ 10 सेंमी. खोलीच्या फरकाइतका असतो, आणि मासा एरवीही त्याहून कितीतरी अधिक वरखाली फिरतो. त्यामुळे प्रकाश, तापमान व विरघळलेला प्राणवायू ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत.

एक लिटर गोड्या पाण्यात 10° से. ला सुमारे 11 मिग्रॅ., तर 30° से. ला सुमारे 7.5 मिग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो. मालगुजारी तलाव उथळ असून देवधान (रानटी भात), कमळ व शेवाळ यांनी भरलेले असतात. पावसाळ्यात झड लागून काही दिवस ऊन पडले नाही, की या वनस्पतींकडून प्राणवायूची निर्मिती घटते, रात्रीचे श्वसन मात्र चालूच राहते. पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते आणि रोहू, कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा वेळी ते आमिषाला तोंड लावत नाहीत. मरळ व मागूर यांना मात्र हवेतून श्वसन करता येत असल्याने ते तेव्हाही लागतात. मृगाच्या सरींनी ओढ्याचे गढूळ पाणी तलावात शिरते, त्याबरोबर भाताच्या बांध्यांतील (शेतांतील) गांडुळे व किडे वाहून येतात, आणि मिशांनी भक्ष्य हुडकणारा मागूर ओढ्याच्या तोंडाशीच गांडुळाला लागतो; मरळ नजरेने शिकार करते, म्हणून तिच्यासाठी पाणी निवळण्याची, उघाड पडण्याची वाट पाहावी लागते. गळाला लावलेली लहान बेडकी पृष्ठभागावरून हलकेच ओढणे ही मरळीची खास रीत होय, आणि कृत्रिम माशीच्या तंत्राशी खरे साम्य आहे ते हिचेच. याच दिवसांत मरळीची जोडी तांबूस पिलांच्या थव्याची राखण करते. तेव्हा ती बेडकीवर सहज झेपावते, परंतु राखणदार उचलला की इतर मासे पिले खाऊन टाकतात. म्हणून थवा दिसताच गळ आवरता घ्यावा, हे येथे आग्रहाने नोंदवले पाहिजे.

थंडीत मासे मंदावतात व दुपारच्या उन्हात लागतात. उन्हाळ्यात पाणी पाळीजवळच्या (तलावाच्या बांधाजवळच्या) खोल भागात उरते आणि पहाटेची वेळ बरी मानली जाते.

तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात व त्यांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते. त्यामुळे अशा तलावांत गळ टाकण्यास संस्थेची संमती लागते.