एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: नोंद नसलेल्या नावांची पार्श्वभूमी

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला बाहेरून मिळणारी, नाव दिलेली किंमत. एखादं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर, अशी कोणकोणती व्हेरिएबल वाचतं, हे शोधायला कित्येकदा त्याचा सोर्स कोडच चाळावा लागतो. लिहिणाऱ्याने डॉक्युमेंटेशनमध्ये सांगितलं असेल तर ठीक. ऑपरेटिंग सिस्टिमकडे अशी यादी नसते. ही उणीव जन्मजात आहे.

१९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत स्टीफन बोर्न यांचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम. जॉन मॅशी यांच्या आधीच्या शेलमध्ये एकेका अक्षराची व्हेरिएबल होती. सातव्या आवृत्तीत पूर्ण नावं आली आणि ती सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामपर्यंत पोचू लागली. सोय अगदी साधी होती: ‘नाव=किंमत’ अशा मजकुराची एक जंत्री, आणि एका प्रोग्रामने (पॅरेंट) सुरू केलेल्या प्रत्येक दुसऱ्या प्रोग्रामला (चाइल्ड प्रोसेस) तिची स्वतंत्र प्रत. चाइल्डने आपल्या प्रतीत काहीही बदललं तरी पॅरेंटच्या प्रतीला धक्का लागत नाही. किंमत आकडा आहे की फाइलचा पत्ता, ती नसेल तर काय धरायचं, हे नाव कोणाचं, यातलं काहीच त्या जंत्रीत नाही. होम, पाथ, टर्म अशी मोजकी नावं होती तोवर ते कोणाला खटकलंही नसावं.

बिल्डच्या वेळी, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करताना, द्यायच्या पर्यायांचं मात्र वेगळं घडलं. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची अनेक साधनं सांभाळत होते. वेगवेगळ्या युनिक्सवर कंपाइल करताना मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) हाताने भरायच्या फ्लॅगांना कंटाळून त्यांनी ऑटोकॉन्फ या ते काम आपोआप करणाऱ्या साधनाची सुरुवात केली. त्याच्या पर्यायांत ‘एनेबल’ म्हणजे पॅकेजची स्वतःची सुविधा आणि ‘विथ’ म्हणजे बाहेरचं पॅकेज, हा त्यातला भेद आजही पाळला जातो. २००२ मध्ये रोमन झिपेल यांची केकॉन्फिग ही बिल्डचे पर्याय निवडण्याची व्यवस्था लिनक्स कर्नेलमध्ये आली. तिथे प्रत्येक पर्यायाचा प्रकार लिहून द्यावा लागतो; डीफॉल्ट (काही न निवडल्यास धरायची किंमत) आणि तो कशावर अवलंबून आहे हेही लिहिता येतं.

एन्व्हायर्नमेंटमध्येही काही नावांना असा आधार मिळाला. लँग हे व्हेरिएबल मराठी लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) ठेवलं की भाषांतर उपलब्ध असलेले प्रोग्राम मराठीत संदेश देतात, कारण त्या नावाचा अर्थ युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकाने ठरवून दिला आहे.

आधार नसला की काय होतं, याचं मला सर्वात बोलकं वाटणारं उदाहरण ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’चं आहे. बाहेर विनंत्या पाठवणारे प्रोग्राम या नावातून प्रॉक्सीचा, म्हणजे विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता वाचत. दुसरीकडे, वेब सर्व्हरने विनंती दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवण्याच्या, १९९३ च्या सुमारास आलेल्या सीजीआय पद्धतीत सर्व्हर आलेल्या विनंतीचे हेडर (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळी) ‘एचटीटीपी_’ हा उपसर्ग लावून एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकत असे. म्हणजे कोणीही परका ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवणार, त्याचं ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ होणार आणि तो तुमच्या सर्व्हरची बाहेर जाणारी वाहतूक स्वतःच्या मशीनवरून वळवणार! दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर होत्या. एकाच नावावर दोघांनी हक्क सांगितला, इतकंच. २००१ मध्ये पर्ल भाषेच्या एका लायब्ररीत आणि कर्ल या डाउनलोडच्या साधनात हे लक्षात आलं. कर्लने ते नाव फक्त लहान इंग्रजी अक्षरांत वाचायचं ठरवलं, कारण सीजीआयची नावं कायम कॅपिटलमध्ये असतात. एवढ्याशा बदलाने भोक बुजलं. पण ही समज बाकीच्यांपर्यंत पोचली नाही. जुलै २०१६ मध्ये पीएचपी, गो आणि पायथन या भाषांच्या जगात तोच दोष पुन्हा सापडला आणि त्याला ‘एचटीटीपॉक्सी’ हे नाव मिळालं.

डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात फार पूर्वीपासून एक नियम आहे: योग्य डीफॉल्ट मिळवण्यासाठी प्रोग्रामने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर विसंबू नये. २०११ च्या सुमारास हेरोकू या क्लाउड सेवेच्या लोकांनी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ सूत्रांनी उलट दिशा धरली. एका डिप्लॉयमेंटपासून (प्रोग्राम चालवण्यासाठी केलेल्या मांडणीपासून) दुसऱ्यात बदलणारं सगळं कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा, असं ती सांगतात. पुढे प्रोग्राम कंटेनरमध्ये बांधून चालवणाऱ्या डॉकरमुळे ती सवय सर्वदूर गेली. डेटाबेसचे पासवर्डही त्याच जंत्रीत आले आणि वारशाने प्रत्येक चाइल्ड प्रोसेसकडे जाऊ लागले. त्यामुळे आता कित्येक पॅकेजं आपल्या नावांना स्वतःचा उपसर्ग लावतात, सुरू होतानाच प्रत्येक किंमत तपासतात आणि आवश्यक नाव सापडलं नाही तर ते नाव सांगून तिथेच थांबतात.