मुतालिक

मुतालिक म्हणजे प्रधान किंवा मोठ्या सरदाराच्या वतीने कारभार बघणारा माणूस, पण नुसता मदतनीस नव्हे, तर ज्याला धन्याचा शिक्का वापरायची पॉवर आहे असा. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ मध्ये छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा फरक नीट सांगितलाय. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांपैकी न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांना मोहिमेवर जावं लागायचं, मागे दफ्तर सांभाळायला कारभारी असायचे, आणि त्यातल्या ज्याला शिक्का उठवायचा अधिकार दिलेला असेल त्यालाच मुतालिक म्हणायचे. म्हणजे कागद धन्याच्या नावाने निघणार, शिक्का धन्याचा, आणि धनी स्वतः कुठेतरी छावणीत.

शब्द अरबी, फारसी कारभारातून आलेला, बहुधा बहमनी-आदिलशाही काळात. व्युत्पत्तीबद्दल मात्र दोन मतं संभवतात. एक, ‘मुत्लक’ म्हणजे निर्बंध नसलेला, पूर्ण. अर्थाने हे पटकन पटतं, कारण शिक्का हातात म्हणजे पूर्ण अधिकारच की. दुसरं, ‘मुतअल्लिक’ म्हणजे संबंधित, कुणाला तरी जोडलेला. उच्चार बघितला तर हेच जास्त जवळचं वाटतं, कारण त्याच धातूच्या ‘तअल्लुका’चा मराठीत सरळ ‘तालुका’ झाला, तसाच ‘मुतअल्लिक’चा मुतालिक व्हायला काही अडचण नाही, उलट ‘मुत्लक’मधून मधला ‘ता’ दीर्घ कसा झाला हे समजावणं कठीण जातं. शिवाय अधिकार स्वतःचा नसून दुसऱ्याशी जोडलेला, हे या पदाचं खरं लक्षणही त्यातच येतं.

‘मुत्लक’ पुण्याला माहीत झाला तो वेगळ्याच वाटेने. दिल्लीच्या शाह आलम बादशहाने वकील-इ-मुतलक (हाच तो ‘मुत्लक’, म्हणजे पूर्ण अधिकाराचा कारभारी) हे पद पेशव्याच्या नावाने दिलं, त्याचा नायब महादजी शिंदे, आणि १७९२ मध्ये महादजींनी फर्मान आणि वस्त्रं पुण्यात आणून मोठ्या दरबारात सवाई माधवरावांना दिली. बादशहाचा अधिकार पेशव्याकडे, पेशव्याचा शिंद्यांकडे, अशी दोन पायऱ्यांची ही सोपवणूक.

मुतालिक कायम आज्ञेत राहिलेच असं नाही. प्रतिनिधींचे (हे छत्रपतींच्या दरबारातलं एक मोठं पद) मुतालिक यमाजी शिवदेव १७५० मध्ये सांगोल्याला पेशव्यांविरुद्ध उभे राहिले, ते प्रसिद्धच आहे.

आता मुतालिक आडनावातच उरलंय. दुसऱ्याच्या वतीने सही करायचं काम पुण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात ‘कुलमुखत्यार’ करतो (यातला कुल म्हणजे अरबी ‘सगळं’, घराणं नव्हे), आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अधिकार देणारा वारला की त्याची मुखत्यारी सर्वसाधारणपणे संपते.