‘स्की संडे’: शनिवारची शर्यत, रविवारचा कार्यक्रम

पार्श्वभूमी

जानेवारी १९७८ मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने आपल्या दुसऱ्या वाहिनीवर ‘स्की संडे’ हा स्कीइंगच्या शर्यतींचा कार्यक्रम सुरू केला. हिवाळ्यातले काही आठवडे चालायचं आणि बर्फ वितळायला लागला की पुढच्या वर्षापर्यंत गप्प बसायचं, हा त्याचा शिरस्ता. चाळीस वर्षं उलटून गेली तरी तो टिकून आहे. मधल्या काळात निवेदक बदलले, वेळ बदलली आणि आत काय दाखवायचं हेही बदललं. या शेवटच्या बदलावरून उठलेला वाद जुन्या प्रेक्षकांत आजही पुरता शमलेला नाही. शर्यतींचा कार्यक्रम डोंगरावरच्या बर्फाचा कार्यक्रम का झाला, हा तो वाद.

स्कॉटलंडमधले काही उतार सोडले तर ब्रिटनकडे स्कीइंगला साजेसे डोंगर नाहीत. तरीही उतारावरच्या शर्यतींचे नियम घडवण्यात ब्रिटिशांचा हात मोठा आहे. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंटाना इथे ज्या चषकासाठी पहिली मोठी डाउनहिल (डोंगरावरून पूर्ण वेगाने खाली येण्याची) शर्यत झाली, तो चषक ‘कंदहार’चा किताब मिळालेल्या एका सेनानीच्या नावाचा होता. या सेनानीचा जन्म कानपूरचा. आधुनिक स्लालम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याची शर्यत, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच म्युरेनला ज्याने बसवली, तो मद्रासमध्ये एका मिशनऱ्याच्या घरी जन्मला होता. कंदहार हे नाव आल्प्समधल्या शर्यतींना अजून चिकटलेलं आहे, ते यामुळे. पुढे १९३० मध्ये वेंगेनची आणि १९३१ मध्ये किट्झब्यूलची शर्यत सुरू झाली, १९३६ मध्ये हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला आणि १९६७ पासून विश्वचषकाची हंगामभर चालणारी मालिका बसली.

कार्यक्रमाला खरी जमीन मिळाली ती १९७६ मध्ये. इन्सब्रुक ऑलिंपिकची डाउनहिल. पिवळ्या सूटमधला ऑस्ट्रियाचा बावीस वर्षांचा स्कीपटू घरच्या प्रेक्षकांसमोर निवडक खेळाडूंत सर्वांत शेवटी सुटला. वरच्या टप्प्यात तो मागे पडला होता. मग हात-पाय चारी दिशांना फेकत, दर वळणावर पडतो की काय असं वाटायला लावत तो खाली आला आणि १ मिनिट ४५.७३ सेकंदांत, ०.३३ सेकंदांच्या फरकाने सुवर्ण घेऊन गेला. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता त्यांनाही त्या पावणेदोन मिनिटांत कळलं की हा खेळ टीव्हीसाठीच जन्मला आहे. एका वेळी एकच माणूस, कोपऱ्यात पळणारं घड्याळ आणि हरण्या-जिंकण्यातलं अंतर शंभरांश सेकंदांत. नियम समजावून सांगायची गरजच नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी ‘स्की संडे’ आला. शीर्षक संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या तयार संगीताच्या साठ्यातलं होतं. बाखच्या ढंगाची घाईची, उड्या मारत जाणारी धून, नावही ‘पॉप लुक्स बाख’. कार्यक्रमासाठी मुद्दाम रचलेली नसूनही त्याला ती अशी बसली की ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीला ती ऐकली की बर्फच आठवतो. निवेदनाची सूत्रं लवकरच ज्या गृहस्थांकडे आली आणि १९९६ पर्यंत राहिली, ते स्वतः स्कीइंगचे खेळाडू नव्हते. स्नूकर आणि खेळांवरची प्रश्नमंजूषा ही त्यांची दुसरी ओळख. मला ही कार्यक्रमाची मोठी जमेची बाजू वाटते. तज्ज्ञ शेजारी बसलेला असायचा. निवेदक मात्र घरी चहा पीत बसलेल्या माणसाच्या जागेवरून बघायचा आणि बरोबर त्याच जागी त्याचा श्वास अडकायचा.

१९८० चं दशक हे या कार्यक्रमाचं सर्वांत भरघोस दशक, असं मी ठामपणे म्हणेन. किट्झब्यूलच्या स्ट्राइफ या उतारावर १९८० ते १९८३ अशी सलग चार वर्षं कॅनडाचे स्कीपटू डाउनहिल जिंकले. आल्प्सबाहेरून आलेली ही पोरं जिवावर उदार होऊन उतरायची. त्यांच्यातलाच १९८३ चा विजेता १९८७ मध्ये त्याच उतारावर असा कोसळला की चिंधीच्या बाहुलीसारखा गडगडत खाली आला. तो वाचला, पण त्याची कारकीर्द तिथेच संपली. ती दृश्यं पाहिलेला माणूस ती विसरत नाही.

स्ट्राइफची लांबी ३,३१२ मीटर. दरवाजातून सुटल्यावर दहा सेकंदांच्या आत ‘माउसफाले’ येतं. शब्दशः उंदराचा सापळा. तिथे उतार ८५ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे जमीन सुमारे ४० अंशांत कोसळते. खेळाडू कडेवरून सुटतो, हवेत जातो आणि खाली आदळतो तेव्हा त्याचा वेग एखाद्या भरधाव मोटारीइतका झालेला असतो. बर्फही भुसभुशीत नसतो. शर्यतीआधी पाणी सोडून तो काचेसारखा कडक केलेला असतो. १९९७ चा विक्रम १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा. वेंगेनची शर्यत याहून लांब, सुमारे साडेचार किलोमीटर, अडीच मिनिटं पाय पेटवणारी. तिच्यात कड्यावरची ‘हुंडशोप्फ’ ही उडी आहे आणि रेल्वेच्या पुलाखालून जाणारी अरुंद वाटही. प्रेक्षकाला या जागा पाठ झाल्या होत्या. मुंबईच्या लोकलचा प्रवासी डोळे मिटूनही स्टेशन सांगतो ना, तसं ब्रिटनमधल्या मैदानी शहरातला माणूस आता कोणतं वळण येणार ते सांगायचा. दरवर्षी तोच उतार, पहिल्या दारापासून शेवटच्या रेषेपर्यंत अखंड दाखवल्यामुळेच हे घडलं.

ब्रिटिश यश मात्र क्वचितच. १३ डिसेंबर १९८१ रोजी इटलीतल्या वाल गार्देनाला २९ व्या क्रमांकाने सुटलेला एक ब्रिटिश स्कीपटू ०.११ सेकंदांनी दुसरा आला. पहिले नामवंत उतरून गेल्यावर, निकाल लागला असं समजून सगळे मोकळे झालेले असताना. पुढे हाच खेळाडू समालोचक म्हणून याच कार्यक्रमात बसला. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये एक ब्रिटिश डाउनहिलमध्ये आठवा आला. पण त्या वर्षीची सगळी प्रसिद्धी दोन्ही स्की-उड्यांत शेवटचा आलेला त्याचा देशबांधव घेऊन गेला. आठव्या क्रमांकावर तेव्हा अन्याय झाला, असं मला अजून वाटतं.

आता वादाकडे. तो समजून घ्यायचा तर कार्यक्रमाच्या नावातला ‘संडे’ नीट पाहावा लागतो. किट्झब्यूल आणि वेंगेनची डाउनहिल बहुतेक वर्षी शनिवारी होते. रविवारी असते ती स्लालम. म्हणजे रविवारी संध्याकाळी लोक ज्या शर्यतीसाठी टीव्हीसमोर बसायचे, ती आदल्या दिवशीच संपलेली असायची. दृश्यंही ऑस्ट्रियाच्या किंवा स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीने टिपलेली आणि युरोपातल्या वाहिन्यांच्या देवाणघेवाणीतून आलेली. ब्रिटिश कार्यक्रमाचं स्वतःचं होतं ते निवेदन, निवड आणि मांडणी. या मांडणीला एकच गोष्ट तोलून धरत होती: निकाल प्रेक्षकाला माहीत नसणं. विश्वचषकाची बातमी ब्रिटिश वर्तमानपत्रांत आलीच तर कोपऱ्यात यायची, म्हणून हे शक्य होतं. रात्री क्षणचित्रं बघायची म्हणून दिवसभर कोणाला स्कोअर न विचारणारी क्रिकेटवेडी माणसं आपल्याकडेही होती. त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९८९ मध्ये युरोपभर दिसणारी एक खेळांची वाहिनी उपग्रहावरून सुरू झाली. हळूहळू तिच्यावर शर्यती थेट दिसू लागल्या, आणि त्याही पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत. ज्याला खेळाचं वेड होतं तो तिकडे वळला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटरनेट आलं आणि शनिवारचा निकाल शनिवारीच घराघरांत पोहोचला. त्याच काळात दुसरा एक बदल चालू होता. तरुण पोरं स्कीऐवजी स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय रोवायची एकच फळी, घेऊन डोंगरावर जाऊ लागली होती, आणि १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकने स्नोबोर्डला आत घेतलं.

या सगळ्याला उत्तर म्हणून २००० च्या दशकात कार्यक्रमाने आपला साचा बदलला. शर्यत राहिली, पण आक्रसली. तिच्या आजूबाजूला स्नोबोर्ड आणि फ्रीस्टाइल (उड्या मारत हवेत करायच्या कसरती) आले, हिमकड्यांवरच्या साहसकथा आल्या, प्रवास आला, साधनसामग्री आली. थोडक्यात, मासिकासारखा साचा.

बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. शर्यत बघायची असेल तर ती दुसरीकडे थेट दिसते, शिळा निकाल दाखवून प्रेक्षक टिकत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने मूठभर दर्दींपुरतं न बघता सुट्टीला बर्फात जाणाऱ्या लाखोंचा विचार करायला हवा. शिवाय किट्झब्यूल-वेंगेन म्हणजे फक्त पुरुषांच्या शर्यती. त्यांच्याभोवतीच घोटाळत राहिलं तर निम्मा खेळ बाहेर राहतो. हा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, आणि जुन्या कार्यक्रमाच्या चाहत्यांनी तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. चार ऑलिंपिक खेळलेली एक महिला डाउनहिलपटू पुढे या कार्यक्रमाची निवेदक झाली, हा त्या बदलाचाच चांगला भाग.

विरोधकांचं म्हणणं वेगळं होतं. उपग्रह वाहिनीसाठी वेगळे पैसे पडतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याच्यासाठी शर्यत दिसण्याची हीच एक जागा होती. आणि शर्यत तुकड्यांत दाखवली की ती शर्यत राहत नाही. तीन पडझडी, विजेत्याची शेवटची तीस सेकंदं आणि मुलाखत, एवढ्यात उतार कळत नाही; वरच्या वळणावर गमावलेला दशांश खाली कसा महागात पडतो ते दिसत नाही. मी या बाजूचा आहे. निकाल फुटला म्हणून शर्यतीचा रस संपतो, हे गृहीतकच मला पटत नाही. पाठ असलेला अभंग माणूस पुन्हा ऐकतोच. रस होता तो उतार ओळखीचा झाल्यामुळे, आणि ओळख व्हायला अखंड धाव लागते.

पण नव्या साच्याने दिलेली एक गोष्ट जुन्याकडे नव्हती. पाच ऑलिंपिक खेळलेला एक माजी डाउनहिलपटू या कार्यक्रमाचा निवेदक झाला. तो शर्यतीच्याच उतारावरून हातात कॅमेरा धरून, बोलत बोलत खाली यायचा. दूरच्या मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्यातून जो उतार जवळजवळ सपाट दिसतो, तो या छोट्या कॅमेऱ्यात एकदम तुटतो. पुढची कड दिसते आणि तिच्यापलीकडे काहीच दिसत नाही. स्कीच्या कडा बर्फावर करकरतात. वाक्य अर्ध्यात राहतं, कारण वळण आलेलं असतं. मग धापा टाकतच तो सांगतो की इथे वजन बाहेरच्या पायावर नसेल तर जाळीत गेलात. ‘उंदराचा सापळा’ म्हणजे काय, ते त्या काही सेकंदांत पोटात कळतं.

दोन परंपरांची ठिणगी २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकला उडाली. स्नोबोर्ड स्लोपस्टाइलमध्ये, म्हणजे अडथळे आणि उड्यांच्या उतारावर कसरती करण्याच्या स्पर्धेत, एका ब्रिटिश महिलेने कांस्य जिंकलं. बर्फावर ब्रिटनने मिळवलेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. समालोचनाला याच कार्यक्रमाचा तेव्हाचा एक निवेदक होता. शेवटची प्रतिस्पर्धी पडली तेव्हा समालोचन कक्षात जल्लोष झाला, आणि संस्थेकडे तीनशेहून अधिक तक्रारी गेल्या. कोणी पडलं की जुना निवेदक आधी त्याच्यासाठी हळहळायचा. स्नोबोर्डच्या जगात मैत्रिणीच्या विजयावर ओरडणं हीच रीत. तक्रार करणाऱ्यांचं मला समजतं, पण ते पदक किती वर्षांनी आलं तेही ध्यानात घ्यायला हवं. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला एका स्कॉटिश स्लालमपटूने कांस्य जिंकलं होतं आणि गमावलं होतं. सर्दीसाठी त्याने अमेरिकेत घेतलेल्या इनहेलरमध्ये, ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या त्याच नावाच्या इनहेलरमध्ये नसलेला एक बंदी घातलेला घटक निघाला.

हक्कांचं गणितही बदलत गेलं. २०१५ मध्ये एका अमेरिकी माध्यम कंपनीने २०१८ ते २०२४ च्या ऑलिंपिकचे युरोपातले हक्क १.३ अब्ज युरोंना घेतले. वर उल्लेख आलेली उपग्रह वाहिनी तिच्याच मालकीची. सार्वजनिक संस्थेला तिच्याकडून वाटा घ्यावा लागला. अशा काळात हिवाळी खेळांसाठी दरवर्षी राखून ठेवलेली, वेगळे पैसे न मागणारी एक जागा टिकणं ही लहान गोष्ट नाही.

२२ जानेवारी २०२२. किट्झब्यूलच्या गान्सलर्न उतारावर स्लालम. पहिल्या फेरीनंतर सहाव्या स्थानावर असलेला ३५ वर्षांचा एक ब्रिटिश दुसऱ्या फेरीत पुढच्या पाचही जणांना मागे टाकून पहिला आला. विश्वचषकाच्या आल्पाइन शर्यतीत ब्रिटनचा हा पहिला विजय, मालिका सुरू झाल्यापासून ५५ वर्षांनी. हा खेळाडू बर्फावर शिकलेलाच नव्हता. लँकेशरमधल्या पेंडलच्या कृत्रिम, कोरड्या उतारावर तो घडला होता. त्या वर्षी स्लालम शनिवारी झाली होती, त्यामुळे रविवारपर्यंत निकाल सगळ्या ब्रिटनला ठाऊक होता.