५जी : भारतातील नियमन आणि ग्वाल्हेरमधील उभारणी

५जी ही मोबाइल जाळ्याची पाचवी पिढी. भारतात तिचा अधिकृत आरंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानात झाला. ग्वाल्हेरमध्ये जिओची सेवा ६ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी जबलपूर, लुधियाना आणि सिलिगुडीलाही ती पोहोचली. परवाना आणि स्पेक्ट्रम, म्हणजे सेवेसाठी लागणारा रेडिओ लहरींचा पट्टा, दिल्लीहून मिळतो. अँटेनासाठी गच्ची वा खांब आणि फायबरसाठी रस्ता खणण्याची मुभा मात्र गावातच मिळवावी लागते. दिल्लीतला लिलाव सात दिवसांत उरकला. गावातले काम अजून चालू आहे.

कायदेशीर चौकट

मोबाइल सेवेचा कारभार दीर्घकाळ १८८५ च्या तार कायद्यावर चालला. दर आणि सेवेचा दर्जा पाहणारी ट्राय ही संस्था १९९७ च्या कायद्याने आली, तर तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण २००० मध्ये झाले. ट्राय स्पेक्ट्रमच्या किमतीची शिफारस करते. निर्णय दूरसंचार विभागाचा आणि मंत्रिमंडळाचा असतो. नवा दूरसंचार कायदा डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याची काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. घरमालकाच्या दृष्टीने त्यातली एक तरतूद महत्त्वाची आहे : जागेवर उभारलेले दूरसंचार जाळे त्या मालमत्तेचा भाग मानले जात नाही, मालमत्ता करासाठीही नाही.

लिलाव आणि सर्कल

५जीचा पहिला लिलाव २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या काळात ४० फेऱ्यांत झाला. ७२,०९८ मेगाहर्ट्झपैकी ५१,२३६ मेगाहर्ट्झ विकला गेला आणि सरकारच्या पदरात १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली पडल्या. जिओने ८८,०७८ कोटी, एअरटेलने ४३,०८४ कोटी, व्होडाफोन आयडियाने १८,७९९ कोटी आणि अदानी समूहाच्या कंपनीने २१२ कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम घेतला. आकडा डोळे दिपवणारा असला तरी पैसे एकदम भरायचे नव्हते. वीस वार्षिक हप्ते दिले गेले आणि सुरुवातीच्या मोठ्या रकमेची अट काढली गेली. सरकारी शुल्क कंपन्यांच्या कोणत्या उत्पन्नावर मोजायचे, या समायोजित महसुलाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपन्यांविरुद्ध निकाल दिल्यापासून या धंद्याचा श्वास कोंडला होता. ही सवलत त्याच पार्श्वभूमीवर आली.

७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची कथा वेगळी आहे. लांबवर जाणारा आणि भिंती भेदणारा हा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत महाग असल्यामुळे कोणी घेतला नाही. राखीव, म्हणजे बोलीची किमान, किंमत उतरल्यावर २०२२ मध्ये जिओने तो सर्व २२ सर्कलांत, म्हणजे दूरसंचारासाठी आखलेल्या विभागांत, उचलला. एअरटेलने तो घेतला नाही. आपल्या ४जीच्या गाभ्यावरच, म्हणजे जुन्या मध्यवर्ती यंत्रणेवरच, ५जी बसवण्याचा मार्ग तिने निवडला. जिओचे ५जी जाळे मात्र ४जीवर न टेकता स्वतंत्र उभे आहे. ग्राहकाला फोनच्या कोपऱ्यात दोन्हीकडे चिन्ह तेच दिसते.

स्पेक्ट्रम शहरागणिक विकला जात नाही, सर्कलागणिक विकला जातो. ग्वाल्हेर मध्य प्रदेश सर्कलमध्ये येते आणि त्यात छत्तीसगडही आहे. २००० साली राज्य दुभंगले, सर्कल अखंड राहिले. म्हणजे ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरची लहर आणि बस्तरची लहर एकाच बोलीत विकली गेली. उलट ग्वाल्हेरहून आग्र्याला निघालेला माणूस चंबळ ओलांडून धौलपूरला राजस्थान सर्कलमध्ये जातो आणि आग्र्याला उत्तर प्रदेश पश्चिममध्ये. रोमिंगचे पैसे लागत होते तेव्हा ही सीमा खिशाला कळत असे. आता ती बहुधा कंपन्यांच्या ताळेबंदातच उरली आहे.

स्पेक्ट्रमसोबत उभारणीची किमान अट असते : ठरलेल्या मुदतीत सर्कलमध्ये सेवा सुरू करून दाखवायची. ही अट जाळे पसरण्याची आहे, दाट होण्याची नाही. त्यामुळे शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या याद्या भराभर वाढल्या. फेब्रुवारी २०२५ अखेर ७७६ पैकी ७७३ जिल्ह्यांत ५जी असल्याचे आणि सुमारे ४.७ लाख ५जी केंद्रे (लहरी सोडणारी अँटेनांची ठाणी) उभी राहिल्याचे सरकारने सांगितले. जिल्हा यादीत आला म्हणजे गल्ली आली असे नव्हे, आणि या आकड्याकडे तेवढ्याच सावधपणे पाहावे.

लष्करातल्या गल्ल्या

ग्वाल्हेरचा लष्कर भाग ही मुळात दौलतराव शिंद्यांची छावणी. ती १८१० च्या सुमारास इथे स्थिरावली. चिटणिसांची गोठ, निंबाळकरांची गोठ, फाळका बाजार, ढोलीबुवांचा पूल ही नावे अजून चालतात आणि मराठी घरेही इथे आहेत. गल्ल्या अरुंद, जुने वाडे दगडी, भिंती जाड. ५जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. त्यात डेटाला जागा भरपूर असते, पण लहर थोड्या अंतरापर्यंतच जाते आणि दगडात शिरताना क्षीण होते. माडीच्या खिडकीशी उत्तम वेग मिळतो आणि आतल्या देवघरात फोन ४जीवर येतो, यामागचे कारण हेच. सिटी सेंटरसारख्या रुंद रस्त्यांच्या भागात हीच यंत्रणा सोपी पडते.

उपाय म्हणजे जवळजवळ लावलेली छोटी केंद्रे : पथदिव्याच्या खांबावर, बसथांब्यावर, दुकानाच्या कपाळावर. जाळ्यासाठी रस्ता आणि जागा वापरू देणाऱ्या मार्गाधिकाराच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने यासाठी वाट मोकळी केली. शहरी भागात अशा एका खांबाचे शुल्क वर्षाला ३०० रुपये ठरले, आणि खासगी जागेवर उभारणीसाठी परवानगीऐवजी आगाऊ लेखी सूचना पुरेशी मानली गेली. त्याच साली ट्रायने खांबांवरच्या छोट्या केंद्रांची प्रायोगिक चाचणी घेतली, तिच्या ठिकाणांत भोपाळही होते. नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून देशभर लागू झाले. तरी खांबापर्यंत वीज आणि फायबर नेण्यासाठी रस्ता फोडावाच लागतो, आणि पावसाळ्याआधी तो बुजवण्याचा प्रश्न परवानगीच्या कुठल्याही पोर्टलवर सुटत नाही.

किल्ला आणि धावपट्टी

ग्वाल्हेरला दोन अडथळे वरचे आहेत. किल्ला आणि हजिऱ्याजवळची मुहम्मद गौस व तानसेन यांची समाधिस्थाने केंद्र-संरक्षित आहेत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते, तर त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी घ्यावी लागते. टॉवरसाठी मोक्याची उंच जागा नेमकी तीच. किल्ल्याच्या टेकडीने शहर दुभंगलेले असल्याने एका बाजूची लहर दुसऱ्या बाजूला सहज जात नाही, ही अडचण निराळीच.

दुसरा अडथळा महाराजपुरा येथील हवाई दलाचा तळ. टॉवरच्या जागेला आणि उंचीला दूरसंचार विभागाची मंजुरी लागते, आणि विमानतळाजवळ ती अधिक काटेकोर असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये विमानांच्या उंचीमापक यंत्रांना धक्का लागू नये म्हणून दिल्ली, बंगळुरू, नागपूर, पुणे आणि गुवाहाटी या विमानतळांच्या परिसरात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झची केंद्रे बसवू नयेत, असे कंपन्यांना सांगण्यात आले. ग्वाल्हेर त्या यादीत नव्हते. तेव्हा नागरी विमान वाहतूक खाते ज्योतिरादित्य शिंदे यांच्याकडे होते, आणि जून २०२४ मध्ये दूरसंचार खातेही त्यांच्याकडेच आले. विमान आणि मोबाइल, या भांडणाच्या दोन्ही बाजू ग्वाल्हेरच्या एकाच घराण्यातील मंत्र्याच्या टेबलावर येऊन गेल्या.

किरणोत्सर्गाची भीती

टॉवरला होणारा विरोध बहुधा आरोग्याच्या भीतीतून येतो. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या एकदशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. परिसरातल्या टॉवरची माहिती तरंग संचार या संकेतस्थळावर पाहता येते आणि मोजणीची मागणीही करता येते. गच्ची भाड्याने देण्यावरून सोसायटीत वाद पेटला की या सोयीची आठवण फारशी कोणाला होत नाही.

पुढील टप्पा

जून २०२४ च्या लिलावात सुमारे ११,३४० कोटी रुपयांचाच स्पेक्ट्रम विकला गेला. कंपन्यांची घाई संपली होती. फायबर नेणे अवघड असलेल्या घरांत आता ५जीच्या लहरीवरच घरगुती इंटरनेट दिले जाते, आणि दाट जुन्या वस्त्यांत ही सोय वाढू शकते. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला कोणत्या भागात कोणती पिढी पोहोचली याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. लष्कर भागात नवे सिम घेणाऱ्याने जाहिरातीपेक्षा हा नकाशा आधी उघडावा, आणि त्यावर दाखवलेला रंग घराबाहेरचा आहे हे ध्यानात ठेवावे.