रेसची सिस्टीम खरंच चालते का? वहीत काय लिहायचं आणि त्यातून काय वाचायचं

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर नियमित जाणाऱ्या कुणालाही विचारा, त्याची एक सिस्टीम असतेच. कुणी वजन कमी झालेला घोडा बघतो, कुणी जॅकी बदलला की लावतो, कुणी फक्त सेकंड फेव्हरिटवरच, म्हणजे भाव दुसऱ्या नंबरने कमी असलेल्या घोड्यावरच, खेळतो, आणि सांगताना सगळे हेच सांगतात की गेल्या सीझनला शंभरएक बेट लावल्या, सगळं धरून फायद्यातच आहे. ही माणसं खोटं बोलत नाहीत, बरेच जण त्या शंभर बेटमध्ये खरंच फायद्यात असतात. पण त्या फायद्यावरून सिस्टीमबद्दल काय कळलं? गणिताचं उत्तर आहे, जवळपास काहीच नाही. हे नीट समजून घ्यायला हवं कारण यात घरातले खरे पैसे जातात.

आकडेच घेऊ. समजा तुम्ही कायम ५/१ भावाच्या घोड्यावर १०० रुपये लावता. लागला तर स्वतःचे १०० धरून हातात ६०० येतात, नाही लागला तर १०० गेले. आता समजा तुमची सिस्टीम मुळातच तोट्याची आहे, म्हणजे असे घोडे १०० पैकी सरासरी १५ वेळाच जिंकतात, तर प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी ९० च परत येणार. तरीही १०० बेटनंतर तुम्ही फायद्यात असण्याची शक्यता किती? साधारण एक तृतीयांश! फायद्यासाठी फक्त १७ घोडे लागायला हवेत आणि १५ च्या जागी १७ लागणं यात नवल काहीच नाही. म्हणजे अशी फालतू सिस्टीम तीन जणांनी खेळली तर त्यातला एक जण सरासरीने शंभर बेटनंतर मित्रांना सांगत फिरणार की आपल्याला गुपित सापडलं. १००० बेटपर्यंत गेलात तर ही शक्यता ७ टक्क्यांवर येते आणि ५००० ला जवळजवळ संपते.

उलट बाजू तर जास्त वाईट आहे. समजा तुमची सिस्टीम खरोखर चांगली आहे, १०० पैकी सरासरी साडेसतरा घोडे लागतात, म्हणजे १०० रुपयांमागे ५ रुपये फायदा, आणि रेसमध्ये ५ टक्के ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही १०० बेटनंतर फायदा दिसत नसण्याची शक्यता साधारण ४० टक्के, आणि १००० बेटनंतरसुद्धा सुमारे २४ टक्के. अशा भावाला एका बेटमधली चढउतार लावलेल्या रकमेच्या सव्वादोन पट असते, त्यामुळे ५ टक्के फायदा नशिबापासून वेगळा काढून बघायचा तर हिशोब ८००० बेटच्या आसपास जातो. समान भावाच्या, म्हणजे १०० ला १०० वाल्या फेव्हरिटवर खेळलात तर १६०० पुरतात, कारण तिथे चढउतार कमी.

या चांगल्या सिस्टीममध्येही १००० बेटच्या प्रवासात कधीतरी सलग २५-३० बेट हरायचीच, हे आधीपासून धरून चाला. म्हणून हरलं की पुढची बेट डबल करायची पद्धत मला फार धोक्याची वाटते. १०० रुपयांपासून सुरू केलं तर सलग १० हरल्यावर अकरावी बेट १,०२,४०० रुपयांची होते, आणि समान भावाला खेळत असाल तर तेही कशासाठी, तर १०० रुपये नफ्यासाठी. शिवाय डबल करत गेलं की वहीतला हिशोबच वाचता येत नाही, नफा सिस्टीमचा आहे की एका मोठ्या बेटला लागलेल्या नशिबाचा ते कळत नाही. निकाल तपासायचे असतील तर प्रत्येक बेट सारख्याच रकमेची धरून वेगळी बेरीज ठेवा, प्रत्यक्षात कितीही लावले असले तरी.

आता वहीबद्दल. बहुतेकांच्या वहीत घोड्याचं नाव, लावलेली रक्कम, मिळालेली रक्कम एवढंच असतं आणि तेही रेस झाल्यावर लिहिलेलं. त्याने फारसं काही साधत नाही. ओळ अशी हवी: तिसरी रेस, १४०० मीटर, ६ नंबरचा घोडा, ड्रॉ (म्हणजे सुटताना मिळालेला गेटमधला कप्पा) २, माझ्या हिशोबाने चान्स २० टक्के, लावताना भाव ५/१, रेस सुटताना भाव ७/२, लावले १००, निकाल दुसरा. यातलं रेस सुटतानाचा भाव आणि निकाल सोडून सगळं रेसच्या आधी लिहिलेलं पाहिजे, नाहीतर "हा मी लावणारच होतो" वाले घोडे हळूच वहीत शिरतात आणि "हा तसा सिस्टीममध्ये बसत नव्हता" वाले हळूच बाहेर पडतात. कुणी मुद्दाम करत नाही, आठवणच तशी काम करते.

आता ही ओळ जरा जवळून बघा. घोडा हरला, १०० रुपये गेले. पण ५/१ चा भाव म्हणजे बाजाराच्या मते चान्स ६ त १, १६.७ टक्के, आणि सुटताना ७/२ म्हणजे ९ त २, २२.२ टक्के. बुकी आपला कट यातच घुसवतो, सगळ्या घोड्यांचे चान्स मिळवले तर बेरीज १०० न येता समजा १२० येते, म्हणून २२.२ ला १.२ ने भागा, साडेअठरा टक्के उरतात. साडेअठरा टक्के चान्सचा घोडा तुम्हाला ५/१ ने मिळाला, म्हणजे १०० रुपयांची सरासरी किंमत १११ रुपये! ही हरलेली बेट मुळात चांगली बेट होती. आणि असं वारंवार होत असेल, तुम्ही घेतलेला भाव सुटतानाच्या भावापेक्षा सातत्याने चांगला असेल, तर ते काही शे बेटमध्येच दिसायला लागतं, आठ हजारांची वाट बघावी लागत नाही, कारण भावातली हालचाल जिंकण्याहरण्याइतकी उड्या मारत नाही. माझ्या मते अख्ख्या वहीतला सगळ्यात मोलाचा कॉलम हाच, आणि तोच बहुतेक वह्यांमध्ये नसतो.

दुसरी तपासणी म्हणजे अपेक्षित विजय. प्रत्येक बेटचा कट काढलेला बाजारचान्स लिहा आणि बेरीज करा. ३०० बेटची बेरीज ४८ आली आणि प्रत्यक्षात ५५ लागले तर छान वाटतं, ७ जास्त, पण अशा ३०० बेटमध्ये ६-७ चा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, पण पुरावा म्हणता येत नाही.

हे सगळं कुणी प्रत्यक्षात करून दाखवलं असेल तर ते हाँगकाँगमध्ये. बिल बेंटर नावाचा अमेरिकन, आधी लास व्हेगासला ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायचा, तो १९८० च्या दशकाच्या मध्यावर ॲलन वूड्स या ऑस्ट्रेलियन जोडीदाराबरोबर तिथे गेला. हाँगकाँगच का, तर हॅपी व्हॅली आणि शा टिन असे दोनच रेसकोर्स, साधारण हजारएक घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांविरुद्धच धावतात, त्यामुळे डेटा स्वच्छ, आणि टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पैशांच्या सामायिक पूलमध्ये, पैसा प्रचंड. रुथ बोल्टन आणि रँडल चॅपमन या संशोधकांनी १९८६ मध्ये घोड्याचा आधीचा रेकॉर्ड, वजन, जॅकी वगैरेवरून प्रत्येकाचा जिंकण्याचा चान्स काढायचं एक संख्याशास्त्रीय मॉडेल मांडलं होतं, तोच बेंटरचा पाया. सुरवातीला पैसे गेले. नंतर सिस्टीम चालली आणि १९९४ मध्ये त्याने त्यावर एक पेपर लिहिला जो आजही वाचण्यासारखा आहे.

त्या पेपरमध्ये नफ्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व तक्त्यांना आहे. मॉडेलने ज्यांना साधारण ५ ते १० टक्के चान्स दिला ते घोडे एकत्र केले आणि बघितलं की त्यातले खरे किती टक्के जिंकले, मग १० ते १५ वाले, मग पुढचे, असं करत वरपर्यंत. चान्स १२ टक्के म्हटला तर बाराच्या आसपास जिंकले का? हीच तपासणी त्याने पब्लिकच्या भावावरही केली आणि निघालं काय, तर पब्लिकचा अंदाज अतिशय चांगला होता. मॉडेल एकटं बघितलं तर बरं दिसायचं, पण जिथे मॉडेल आणि पब्लिक यांचं पटत नाही तिथे खरा आकडा दोघांच्या मधे कुठेतरी सापडायचा. म्हणजे मॉडेल म्हणतंय २० आणि पब्लिक म्हणतंय १०, तर घोडा २० टक्के वेळा जिंकत नाही. आणि पैसे तर आपण नेमके अशाच घोड्यांवर लावतो! म्हणून त्याने दोन्ही अंदाज गणिताने एकत्र करून तिसरा आकडा काढला आणि बेट त्यावर लावली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथे एका हुशार माणसाने गर्दीला मूर्ख समजायचं नाकारलं आणि त्यातूनच त्याला फट सापडली. अशा कामाला कमीत कमी ५०० ते १००० रेसचा डेटा लागतो असंही त्याने लिहून ठेवलंय. बेट नव्हे, रेस, आणि प्रत्येक रेसमधल्या प्रत्येक घोड्याची माहिती.

त्याने अजून एक शिस्त पाळली जी आपल्याकडे कुणी पाळताना दिसत नाही. ज्या रेसवरून मॉडेल बनवलं त्यावरच तपासायचं नाही, त्यासाठी वेगळ्या रेस बाजूला काढून ठेवायच्या. जुने निकाल घेऊन बसलं तर सिस्टीम सापडतेच हो. ओली ट्रॅक, १४०० मीटर, तीन नंबरचा ड्रॉ, अमुक ट्रेनर, असे कापत गेलं की कुठलातरी तुकडा फायद्यात निघणारच. पूर्णपणे निरुपयोगी अशा २० सिस्टीम तपासल्या तरी त्यातली निदान एक "योगायोगाने असा निकाल यायची शक्यता फक्त ५ टक्के" या कसोटीला उतरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून नियम आधी लिहून तारीख टाका, आणि मोजायला सुरवात त्या तारखेनंतरच्या रेसपासून करा. मधे नियम बदललात तर मोजणी परत शून्यापासून.

टोटवर खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी काळजी. टोट म्हणजे १८६० च्या दशकात जोसेफ ओलेरने पॅरिसमध्ये सुरू केलेली पद्धत, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, आयोजक आपला कट काढून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो. हाँगकाँगमध्ये विन पूलचा हा कट १७.५ टक्के आहे. पैसे पूलमधून वाटले जात असल्याने खिडकीवर तिकीट घेताना बोर्डावर दिसणारा डिव्हिडंड, म्हणजे जिंकल्यावर मिळायची रक्कम, तुम्हाला मिळणारा नसतो, शेवटच्या मिनिटाला पैसे ओतले जातात आणि तो बदलतो, तुमच्या स्वतःच्या मोठ्या बेटनेही पडतो. कागदावर खोटी बेट लावून सिस्टीम तपासणाऱ्यांनी शेवटचा डिव्हिडंडच धरावा, बोर्डावर मधेच दिसलेला नाही.

भारतात सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात रेस हा कौशल्याचा खेळ मानला, आणि ते मला पटतं, घोडा ओळखणं हे कौशल्यच आहे. पण तुमचं कौशल्य बाकीच्या खेळणाऱ्यांपेक्षा कट आणि टॅक्स भरूनही पुरेल इतकं जास्त आहे का, ते फक्त वहीच सांगू शकते. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणून वहीत तिकिटावरचा आकडा न लिहिता खिशातून गेलेली पूर्ण रक्कम लिहा. वरच्या हिशोबातली ती ५ टक्क्यांची उत्तम सिस्टीम, जी सिद्ध करायला ८००० बेट लागतात, ती या टॅक्सपुढे पहिल्याच ओळीपासून तोट्यात असते, आणि हे कळायला एकही बेट लावावी लागत नाही.