चुलीच्या धुराचे मोजमाप : कर्क स्मिथ यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

हवेचे प्रदूषण मोजण्याची शास्त्रीय पद्धत शहरांत आणि कारखान्यांच्या परिसरात घडली. बेल्जियममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यात १९३० मध्ये, अमेरिकेतील डोनोरा या औद्योगिक गावात १९४८ मध्ये आणि लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये धुराने कोंडलेल्या धुक्यात माणसे दगावली. लंडनमधील मृत्यूंचा पहिला अंदाज सुमारे चार हजारांचा होता. नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. अशा घटनांनंतर जे कायदे झाले आणि मोजणीच्या ज्या यंत्रणा उभ्या राहिल्या, त्यांची नजर साहजिकच उंच धुरांड्यांवर आणि मोकळ्या हवेवर होती. भारतात १९८१ साली आलेला हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदाही याच घडणीचा आहे. कारखाने, वाहने आणि शहरातील इमारतींवर बसवलेली मापनयंत्रे एवढ्या चौकटीत स्वयंपाकघरातल्या हवेला जागा नव्हती.

त्याच वर्षी कर्क स्मिथ हे अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर मोजत होते. स्मिथ यांचे शिक्षण आधी भौतिकशास्त्राचे आणि मग सार्वजनिक आरोग्याचे होते, आणि होनोलुलू येथील ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये ते ऊर्जेच्या प्रश्नांवर काम करत होते. अणुऊर्जा आणि कोळसा यांच्या धोक्यांची तुलना हा तेव्हा ऊर्जा-अभ्यासकांचा नित्याचा विषय होता. जगातील निम्म्याच्या आसपास माणसे तेव्हा ज्या इंधनावर रांधत, त्या सरपणाचा आणि गोवऱ्यांचा विचार त्यात क्वचितच होई. भारतीय सहकाऱ्यांच्या मदतीने स्मिथ यांनी लहान मापनयंत्रे थेट स्त्रियांच्या अंगावर लावली आणि त्या चुलीपुढे बसलेल्या असताना त्यांच्या नाकाजवळच्या हवेचे नमुने घेतले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या हवेत तरंगत्या कणांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम होते. अमेरिकेत त्या काळी मोकळ्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा २६० मायक्रोग्रॅम होती. स्वयंपाकाच्या वेळेतील मोजणी आणि दिवसभराची सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही हे खरे. तरीही इतक्या मोठ्या तफावतीकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही प्रामाणिक संशोधकाला शक्य नव्हते.

हा धूर शरीराला घातक असतो, ही शंका मात्र नवी नव्हती, आणि तिचे श्रेय ज्या भारतीय डॉक्टरांकडे जाते त्यांचा उल्लेख या विषयावरच्या लेखनात फार कमी होतो, असे मला वाटते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी सहकाऱ्यासह १९५९ मध्ये दिल्लीतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होत जाण्याचा आजार पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये आढळे. दिल्लीत तो स्त्रियांमध्येही तितक्याच ठळकपणे दिसत होता, आणि त्यांच्यात धूम्रपान करणाऱ्या थोड्याच होत्या. लहानपणापासून नाकातोंडात जाणाऱ्या चुलीच्या धुराकडे पद्मावती यांनी तेव्हाच बोट दाखवले. पुढे १९६० च्या दशकात नायजेरियात आणि पापुआ न्यू गिनीत, तर १९८० च्या दशकात नेपाळमध्ये झालेल्या अभ्यासांनीही घरातील धुराचा आणि श्वसनविकारांचा संबंध पुढे आणला. ही निरीक्षणे वेगवेगळ्या देशांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेली होती. डॉक्टरांना रोग दिसत होता, पण किती धूर शरीरात जातो याचा आकडा त्यांच्याजवळ नव्हता.

तो आकडा मिळवण्याची पद्धत घडवणे हे स्मिथ यांच्या पुढील चार दशकांच्या कामाचे सूत्र ठरले. प्रदूषण किती निर्माण होते यापेक्षा त्यातले किती माणसाच्या श्वासात जाते हे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे, असे ते सातत्याने मांडत राहिले. विद्युतकेंद्राच्या उंच धुरांड्यातून बाहेर पडलेला एक टन धूर मैलोन्‌मैल पसरून विरळ होतो आणि त्याचा अत्यल्प अंश फुप्फुसांत पोहोचतो. तोच एक टन धूर बंद स्वयंपाकघरांत निर्माण झाला, तर माणसांच्या शरीरात जाणारा अंश कित्येक पटींनी वाढतो, कारण धूर जिथे आणि ज्या वेळी असतो तिथेच आणि त्याच वेळी स्वयंपाक करणारी बाई आणि तिचे तान्हे मूलही असते. सरपण चुलीत पूर्णपणे जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, बेंझोपायरीन असे पदार्थ आणि अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण बाहेर पडतात. हे कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि तिथल्या संरक्षक पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमता घटवतात. लहान मुलांतील न्यूमोनियाशी धुराचा जो संबंध आढळतो, त्याचे एक स्पष्टीकरण यात आहे.

उपाय म्हणून पहिली धाव सुधारित चुलीकडे गेली. भारतात या प्रयत्नांची परंपरा जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेली निर्धूर चूल ही तिची आरंभीची उदाहरणे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभापासून २००२ पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळशा थोड्याच काळात मोडल्या किंवा पडून राहिल्या. वाटप किती झाले हे मोजले जात होते. वापर किती होतो आणि धूर किती कमी होतो हे फारसे मोजले जात नव्हते. माझ्या मते या कार्यक्रमाचे अपयश चुलीच्या रचनेपेक्षा या मोजणीत अधिक होते.

सुधारित चुलीने आजार खरोखर कमी होतो का, याचे उत्तर देण्यासाठी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात एक मोठी चाचणी केली. तोवर चुलीचा धूर आणि आजार यांवरचे बहुतेक अभ्यास केवळ निरीक्षणांचे होते, आणि सरपण वापरणारी घरे गरीबही असल्यामुळे धुराचा परिणाम कोणता आणि गरिबीचा कोणता हे वेगळे काढणे कठीण जाई. म्हणून ५३४ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला धुरांडे असलेली चूल देण्यात आली, दुसरा गट उघड्या विस्तवावर रांधत राहिला आणि त्याला चाचणी संपल्यावर तीच चूल मिळाली. २००२ च्या अखेरीपासून २००४ च्या अखेरीपर्यंत आरोग्य कार्यकर्ते दर आठवड्याला घरोघरी जाऊन दीड वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी करत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल संमिश्र होता. मुलांच्या शरीरात जाणारा धूर सरासरी निम्म्याने घटला. डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल इतकी नव्हती, परंतु रक्तातील प्राणवायू कमी करणारा गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

या निकालाचा जो अर्थ स्मिथ यांनी लावला, त्याने त्यांची स्वतःची दिशा बदलली. धूर निम्मा झाला तरी उरलेला निम्मा शहरांतील मर्यादांच्या कितीतरी वर होता. धूम्रपान, इतरांच्या सिगारेटचा धूर, शहरी हवा आणि चूल या चारही क्षेत्रांतील माहिती एका आलेखावर मांडली असता असे दिसले की धोक्याची रेषा कमी प्रदूषणाच्या टोकाला झपाट्याने चढते आणि पुढे मंद होत जाते. म्हणजे फार धुरकट हवा थोडी कमी धुरकट केल्याने लाभ अल्पच होतो. खरा लाभ हवा जवळजवळ स्वच्छ झाल्यावरच पदरात पडतो. याच आलेखाच्या आधारे जागतिक रोगभाराच्या, म्हणजे कोणत्या कारणाने जगात किती आजार आणि मृत्यू होतात याच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात घरगुती धुरामुळे वर्षाला सुमारे ३५ लाख अकाली मृत्यू होतात, असे मांडले गेले. हा हिशेब गणिती प्रतिकृतीवर आधारलेला आहे आणि पद्धत बदलली की आकडाही बदलतो, हे तो उद्धृत करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

त्यानंतर स्मिथ हे हाताशी असलेले इंधन स्वच्छ करत बसण्यापेक्षा स्वच्छ इंधनच हाताशी आणून द्यावे, या मताचे झाले. अंबुज सागर यांच्यासह २०१४ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी भारताने चुलीच्या सापळ्यातून बाहेर पडून गॅस आणि विजेकडे वळावे, असा आग्रह धरला. २०१५ मध्ये सधन ग्राहकांना गॅसचे अनुदान सोडण्याचे आवाहन झाले, आणि १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे गरीब घरांतील स्त्रियांना गॅसजोडणी देणाऱ्या उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादच्या कार्यक्रमात पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. स्मिथ यांचे निधन जून २०२० मध्ये झाले.

गॅस दिल्यावर आरोग्य सुधारते का, हे तपासणारी चाचणी तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे झाली. त्यात सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांचा समावेश होता. सरपणावर रांधत राहिलेल्या गटाच्या श्वासातील सूक्ष्म कण घनमीटरमागे सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, तर गॅस मिळालेल्या गटात ते सुमारे २४ होते, म्हणजे तफावत मोठी होती. तरीही २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात बाळांच्या जन्मवजनात आणि २०२४ मधील निकालात गंभीर न्यूमोनियात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष स्मिथ यांच्या भूमिकेला सोयीचे नाहीत, आणि ते तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. चाचणीचा काळ गर्भारपण आणि बाळाचे पहिले वर्ष एवढाच होता. पद्मावती यांनी पाहिलेले हृदय-फुप्फुसांचे विकार दशकानुदशकांच्या धुरातून घडतात, त्यांच्याविषयी ती काही सांगू शकत नाही.

भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या घरांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत सुमारे ४४ टक्के होते आणि २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत ते सुमारे ५९ टक्क्यांवर गेले. ग्रामीण भागात ते ४३ टक्के होते. घरात मुख्यतः कोणते इंधन वापरले जाते, एवढेच हे सर्वेक्षण विचारते. सिलिंडर संपल्यावर तो परवडेपर्यंत पेटणारी चूल किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी रोज लावले जाणारे सरपण या टक्केवारीत दिसत नाही.