अमूर्त शिल्पामागची पार्श्वभूमी : पॅरिस, इंदूर आणि घारापुरी

कोकणात आधुनिक शिल्पकला म्हटली की अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर आठवतात. पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच. माणूस आणि घोडा, दोन्ही हुबेहूब. अशा शिल्पांवर आपली नजर घडल्यामुळे अमूर्त शिल्पापुढे ‘हे नेमकं काय आहे?’ हा प्रश्न हमखास येतो.

त्याच १९२८ साली अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला होता. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या रोमानियन शिल्पकाराच्या धातूच्या पक्ष्याला ना पिसं, ना चोच. कस्टमवाल्यांनी तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या वर्गात टाकून ४० टक्के कर लावला. कोर्टाने निकाल दिला : ही कलाकृतीच आहे.

ब्रांकुशी खेड्यातला, लाकडावरच्या कोरीवकामाच्या परंपरेत वाढलेला. १९०७ मध्ये नामवंत फ्रेंच शिल्पकार रोदाँच्या स्टुडिओत तो जेमतेम टिकला. मातीचा नमुना करून ओतण्यापेक्षा थेट दगडात कोरणं त्याने पत्करलं. पॅरिसमध्ये त्या काळी आफ्रिकी शिल्पं सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे होती. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याचं वाचन. तिबेटी योगी मिलारेपाचं चरित्र त्याचं आवडतं पुस्तक होतं. वस्तूचं बाह्यरूप खरं नव्हे, तिचं सार खरं, ही त्याची धारणा होती. म्हणून पक्षी गळत गेला आणि उड्डाण उरलं. पितळेला तो इतकी झिलई देई की उजेडात शिल्पाची कडाच विरघळते.

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुशीकडून असे तीन पक्षी घेतले : एक धातूचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. त्या पक्ष्यांसाठी ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. १९३८ च्या सुरुवातीला ब्रांकुशी इंदूरला आलाही, पण मंदिर झालं नाही.

बाह्यरूपापेक्षा सार खरं, हा विचार आपल्याला परका वाटावा, याचंच मला नवल वाटतं. घारापुरीच्या लेण्यात भिंत भरून त्रिमुखी सदाशिव आहे, जटामुकुटासकट कोरलेला. त्याच लेण्यात चार दारांचा चौकोनी गाभारा आहे. प्रत्येक दाराशी दोन भव्य द्वारपाल, आणि आत नुसतं लिंग. मूर्ती घडवण्यात एवढा हात बसलेल्या कारागिरांनी गाभाऱ्यात मात्र नाकडोळे कोरले नाहीत. सगुण आणि निर्गुण एकाच कातळात, हाकेच्या अंतरावर. आपल्या कितीतरी ग्रामदेवताही मुळात पाषाणच. शिमग्याला पालखीत चांदीची रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागतात, सण सरला की उतरतात. एरवी गावकरी गाऱ्हाणं घालतात ते त्या पाषाणापुढेच.